एकाच बर्फावर चार संघ : महिला आइस हॉकीच्या ‘फायनल फेसऑफ’चं काम

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज महिला हॉकीचे साखळी सामने संपतात आणि बाद फेरी सुरू होते. वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीएचए, ही तिथली सगळ्यांत तगडी कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट, मिनेसोटा डुलूथ, मिनेसोटा स्टेट, सेंट क्लाउड स्टेट, बेमिजी स्टेट आणि २०२१-२२ च्या मोसमात दाखल झालेलं सेंट थॉमस असे आठ संघ. प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी चार-चार वेळा भिडतो, म्हणजे साखळीत २८ सामने. त्यानंतर गुणतक्त्यातले वरचे चार संघ आपापल्या घरच्या रिंकवर खालच्या चारांशी तीन सामन्यांची मालिका खेळतात, जो दोन जिंकेल तो पुढे. तिथून आलेले चार संघ एका ठिकाणी जमतात, एकाच दिवशी दोन उपांत्य सामने होतात आणि मग अंतिम सामना. या शेवटच्या टप्प्याचं नाव फायनल फेसऑफ. बहुतेक वर्षं तो मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठाच्या रिडर अरीनात भरला आहे. सुमारे ३,४०० प्रेक्षकांची ही इमारत २००२ साली उघडली. केवळ महिला कॉलेज हॉकीसाठी म्हणून बांधलेलं अमेरिकेतलं ते पहिलं रिंक.

या कॉन्फरन्सचा दबदबा किती, ते एका हिशेबात कळतं. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएची राष्ट्रीय महिला स्पर्धा २००१ साली सुरू झाली. कोविडमुळे रद्द झालेलं २०२० सोडलं तर २०२५ पर्यंत २४ विजेतेपदं दिली गेली. त्यातली २१ डब्ल्यूसीएचएच्याच चार विद्यापीठांकडे आहेत : विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा डुलूथ पाच, ओहायो स्टेट दोन. उरलेली तिन्ही, २०१४, २०१७ आणि २०१८ ची, क्लार्कसनने नेली. म्हणजे फायनल फेसऑफच्या उपांत्य फेरीत पुष्कळदा पुढचा राष्ट्रीय विजेता खेळत असतो.

आम्ही यात बर्फाबाहेरचे अधिकारी. घड्याळ चालवणारा, गुणलेखक, शिक्षा झालेल्या खेळाडू बसतात त्या पेनल्टी बॉक्सच्या दारांवरचे दोघे, शॉट मोजणारे, प्लस-मायनस म्हणजे गोल झाला तेव्हा बर्फावर कोण होत्या ते लिहिणारे, व्हिडिओ रिप्लेची यंत्रणा सांभाळणारा. बर्फ राखणारी मंडळी वेगळी असतात, पण त्या दिवशी त्यांचं आणि आमचं काम एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की एकाला उशीर झाला की दुसऱ्याचं वेळापत्रक कोसळतं. सगळ्या कामाला आम्ही एकच कसोटी लावतो : रात्री उशिरा बर्फावर उतरणाऱ्या चौथ्या संघाला दुपारी उतरलेल्या पहिल्या संघाइतकाच चांगला बर्फ, तितकंच अचूक घड्याळ आणि तितकीच चोख नोंद मिळाली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिला सामना जादा वेळेत गेला की यातलं काहीच आपोआप होत नाही.

आधी बर्फाबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. बर्फाची जाडी साधारण सव्वा इंच हवी. जाडी मोजायला बारीक ड्रिलने भोक पाडून त्यात मोजपट्टी घालतात, आणि ती मधोमध नव्हे, तर गोलच्या पुढे आणि रिंकभोवतीच्या भिंतींच्या, म्हणजे बोर्डांच्या कडेने मोजतात. बर्फ खरवडून नवं पाणी पसरणाऱ्या झॅम्बोनी गाडीचं पातं अगदी बोर्डापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कडेला बर्फ चढत जातो, तर गोलपुढच्या अर्धवर्तुळात गोलरक्षक सारखी स्केट घासत असल्यामुळे तो झिजत जातो. कडेचा उंचवटा एजर नावाच्या छोट्या यंत्राने आदल्या दिवशीच तासावा लागतो. तो राहून गेला की बोर्डालगत जाणारा पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, अचानक आत वळतो आणि बचावपटू फसते.

पृष्ठभागाचं तापमान उणे ४ ते उणे ६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. रिकाम्या इमारतीत हे सांभाळणं सोपं असतं. तीन हजार माणसं आत आली की त्यांच्या अंगाची ऊब, श्वासातली वाफ, दारं उघडताच आत येणारी हवा हे सगळं बर्फावर येतं. म्हणून प्रेक्षक यायच्या आधीच शीतयंत्रणेचं तापमान थोडं खाली आणून ठेवतात. गर्दी झाल्यावर खाली आणायला गेलं तर उशीर झालेला असतो, कारण काँक्रीटची लादी आणि तिच्यातल्या नळ्या हळूहळू थंड होतात. फार खाली नेलं तरी बर्फ ठिसूळ होतो, कडा उडतात, स्केटखाली कपचे निघतात.

उपांत्य फेरीच्या दिवशी या बर्फावर सकाळचा हलका सराव, दोन वॉर्मअप आणि कमीत कमी सहा सत्रं, म्हणजे दर सामन्याला वीस मिनिटांची तीन, होतात. प्रत्येक दोन सत्रांमध्ये झॅम्बोनी फिरते. ती पात्याने वरचा पातळ थर खरवडते, चुरा आत ओढते, खाचा धुते आणि मागच्या कापडाने गरम पाणी पसरते. पाणी गरम असायचं कारण असं की त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. गार पाणी घातलं तर थर पापुद्र्यासारखा वर बसतो आणि पहिल्या जोरदार थांब्याला सुटतो. एका फेरीत समजा पाचशे लिटर पाणी गेलं, तर एवढ्या क्षेत्रफळावर ते मिलिमीटरचा जेमतेम एक-तृतीयांश भरतं. इतक्या पातळ थरावर पुढची वीस मिनिटं खेळ चालतो.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. खेळाडू आत जाईपर्यंत एक मिनिट जातं, एका यंत्राला अख्खं रिंक फिरायला आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि पाणी गोठायला निदान तीन-चार मिनिटं हवीत. सगळी बेरीज केली तर हातात फारसं काही उरत नाही. मध्यंतरात प्रेक्षकांसाठी मुलांचा खेळ किंवा बक्षीसवाटप ठेवलं असेल आणि ते दोन मिनिटं लांबलं, तर ती दोन मिनिटं गोठण्याच्या वेळेतून जातात. ओल्या बर्फावर पक रेंगाळतो, पास दोन हात मागे पडतो, आणि ज्या संघाचा खेळ वेगावर उभा आहे त्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. म्हणून मध्यंतरातल्या कार्यक्रमाची वेळ कागदावर लिहून घेणं आणि ती संपली की ठामपणे थांबवणं, हे आमच्या टेबलाचं काम आहे.

गोलचे खुंटे ही कायमची डोकेदुखी. गोलची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच, आणि ती बर्फात पाडलेल्या भोकांतल्या लवचीक खुंट्यांवर बसते. झॅम्बोनीचं पाणी त्या भोकांत शिरून गोठलं की खुंटा पूर्ण आत बसत नाही, थोडा वर राहतो, आणि हलक्या धक्क्यानेही गोल सुटतो. गोल सुटला की पंच शिट्टी वाजवतात आणि आक्रमण तिथेच मरतं. उपाय एकच : प्रत्येक फेरीनंतर दोन्ही टोकांची चारही भोकं हाताने तपासायची, गरज पडली तर ड्रिलने साफ करायची. मध्येच गोलपुढे खड्डा पडला तर बर्फाचा चुरा आणि पाणी दाबून भरतात, आणि तो लगेच गोठावा म्हणून कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक त्यावर मारतात. अर्ध्या मिनिटात जागा खेळण्याजोगी होते.

पकसुद्धा गोठवलेला लागतो. एक इंच जाड, तीन इंच व्यासाची रबराची ती चकती. वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. खोलीच्या तापमानाला ती टेनिसच्या चेंडूसारखी उसळते, गोठली की बर्फाला चिकटून सरळ घसरते. आदल्या रात्रीच पक फ्रीजरमध्ये टाकायचे आणि खेळ चालू असताना बर्फ भरलेल्या कूलरमध्ये टेबलापाशी ठेवायचे. खेळ थांबला आणि पक बराच वेळ वापरात असेल, तर पंचांच्या हाती नवा द्यायचा. उपांत्य फेरीत नेमकी चूक होते ती अशी की पहिला सामना लांबला आणि दुसऱ्यासाठी राखून ठेवलेले पक त्यातच संपले. म्हणून दोन सामन्यांचे पक दोन वेगळ्या डब्यांत आणि तिसरा डबा फक्त जादा वेळेसाठी.

आता घड्याळ. शेवटच्या मिनिटात ते सेकंदाचा दहावा भाग दाखवतं, आणि त्या दहाव्या भागाची किंमत २०२५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात सगळ्यांनी पाहिली. तो सामनाही रिडर अरीनातच झाला. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे होतं. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांनी आव्हान दिलं, व्हिडिओत दिसलं की गोलपुढच्या क्षेत्रात ओहायो स्टेटच्या खेळाडूने हाताने पक झाकला, आणि विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट, म्हणजे फक्त गोलरक्षकासमोर एकटीने मारायचा फटका, मिळाला. १८.९ सेकंद उरले असताना कर्स्टन सिम्सने तो गोलात घातला आणि जादा वेळेत विजयी गोलही तिनेच केला. त्याआधीची दोन वर्षं राष्ट्रीय अंतिम सामना १-० असा सुटला होता : २०२३ मध्ये विस्कॉन्सिनकडे, २०२४ मध्ये ओहायो स्टेटकडे. इतक्या चुरशीच्या खेळात घड्याळवाल्याचं बोट अर्धा सेकंद उशिरा पडणं ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

शिट्टी आणि बोट यांच्यात थोडं अंतर राहणारच. म्हणून प्रत्येक थांब्याची वेळ एक जण कागदावर लिहीत जातो आणि दुसऱ्याच्या हातात साधं स्टॉपवॉच असतं. पंचांनी व्हिडिओ पाहून खेळ मागे न्यायचा ठरवला, तर घड्याळात नेमकी किती वेळ परत घालायची ते या दोन नोंदींवरून सांगता येतं. मुख्य फलक बंद पडला तरी सामना त्याच कागदावर चालतो. नवख्या घड्याळवाल्याला आम्ही एकच सांगतो : पकच्या मागे डोळे नेऊ नकोस, पंचाच्या हाताकडे बघ. फेस-ऑफला, म्हणजे दोघींच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करताना, पक पंचाच्या हातातून सुटला की सुरू, शिट्टीला बंद. खेळ बघण्यात रमलेला माणूस चांगलं घड्याळ चालवू शकत नाही.

पेनल्टी बॉक्समध्ये दार उघडणं एवढंच काम आहे असं लोकांना वाटतं. महिला हॉकीत अंगावर धडक मारून पाडायला मनाई आहे, पण पकसाठी अंगाला अंग लावून केलेली झटापट चालते, आणि ती कुठे संपते यावर दोन्ही बाकांवरून आवाज चढत असतो. त्या गदारोळात शिक्षा नेमकी कोणाला, किती मिनिटांची, कोणत्या वेळेपासून, हे पंचांच्या तोंडून स्पष्ट ऐकून घ्यावं लागतं. दोन मिनिटांची साधी शिक्षा असताना समोरच्या संघाने जास्त खेळाडूंच्या जोरावर गोल केला, तर आधी आत आलेली खेळाडू सुटते. दोन्ही संघांच्या एकेकीला एकाच वेळी शिक्षा होऊन चारास चार खेळ चालू असेल, तर गोल पडल्यावर कोणीच सुटत नाही. एका संघाच्या दोघी आत असताना तिसरीला शिक्षा झाली, तर ती बॉक्समध्ये बसते पण तिचं घड्याळ पहिलीची वेळ संपल्यावर सुरू होतं, कारण बर्फावर गोलरक्षकाशिवाय तीन खेळाडू राहायलाच हवेत. हे सगळं पाठ असूनही दारावरच्या माणसाने शेवटची दहा सेकंदं मोठ्याने मोजायची असतात. आतल्या मुलीला फलक नेहमी दिसतोच असं नाही.

नोंदीत सर्वाधिक वाद शॉटवरून होतात. गोलखांबाला लागलेला फटका शॉट धरत नाहीत. गोलरक्षकाने अडवला नसता तर आत गेला असता, तोच शॉट. बाजूने जाणाऱ्या पकवर तिने सवयीने हात घातला तर तो शॉट नाही आणि बचावही नाही. दोन्ही टोकांना वेगवेगळी माणसं बसवली आणि त्यांचे निकष जुळले नाहीत, तर एका गोलरक्षकेची टक्केवारी विनाकारण घसरते. म्हणून सामन्याआधी सगळ्या मोजणाऱ्यांनी एकत्र बसून पाच-दहा चित्रफिती बघून घ्याव्यात, असं आमचं ठाम मत आहे. प्लस-मायनस लिहिणाऱ्यांची कसोटी दुसऱ्या सत्रात लागते. संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला गोल आपल्या बाकापासून लांब जातो. दमलेल्या खेळाडूंना बदलायला अर्ध्याहून जास्त रिंक ओलांडावं लागतं. त्या धावपळीत गोल झाला की बर्फावर नेमक्या कोण पाच जणी होत्या हे क्षणात टिपावं लागतं. एक जण गोल झाल्यावर नव्हे, तर प्रत्येक बदलीला क्रमांक पुटपुटत राहतो, तेव्हाच हे जमतं.

बाद फेरीत बरोबरी चालत नाही, शूटआउटही नाही. साठ मिनिटांनंतर गुण समान असतील तर पंधरा मिनिटांचं पूर्ण मध्यंतर, ताजा बर्फ, पाचास पाच खेळाडू आणि वीस मिनिटांचं जादा सत्र. पहिल्या गोलला सामना संपतो. गोल नाही झाला तर आणखी एक सत्र, मग आणखी एक. हे किती लांबू शकतं? २००७ च्या राष्ट्रीय उपांत्यपूर्व फेरीत विस्कॉन्सिन आणि हार्वर्ड ०-० वर अडकले आणि चौथ्या जादा सत्रात जिनेल झॉगने एकमेव गोल केला. दोन सामन्यांहून जास्त खेळ, एकाच तिकिटात. पहिल्या जादा सत्रात बाक पुन्हा लांब असतं, म्हणून पायांत जीव नसताना चुकीच्या वेळी घेतलेली बदली तिथे सामना घालवते.

पहिला उपांत्य सामना असा लांबला की दुसऱ्या सामन्याची छापील वेळ विसरायची. पहिला संपल्यावर ठरावीक मिनिटांनी दुसरा, एवढंच धरून चालायचं. त्या दोन संघांनी दुपारचं जेवण मूळ वेळेच्या साडेतीन-चार तास आधी घेतलेलं असतं. आता मध्ये केळी, टोस्ट, मध असं काहीतरी लागतं. मार्गिकेत फुटबॉल उडवत चाललेला वॉर्मअप थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. साहित्य सांभाळणारे स्केटची धार शेवटी एकदा तपासतात. बहुतेकींची धार अर्ध्या इंचाच्या आसपासच्या त्रिज्येच्या गोलाईची असते. ही त्रिज्या कमी केली की पकड वाढते पण घसरण कमी होते, आणि पाच-सहा वेळा पाणी पडलेल्या बर्फाचा पोत बघून काही जणी ती बदलून घेतात. अशा वेळी संघांना छळतो तो उशिरापेक्षाही अनिश्चितपणा. म्हणून प्रत्येक जादा सत्राच्या सुरुवातीला आमच्यातला एक जण दोन्ही थांबलेल्या संघांच्या दारावर जाऊन सांगतो की आता गोल झाला तर तुमचा वॉर्मअप अमुक वेळी, नाही झाला तर तमुक वेळी. ही दोन वाक्यं नीट पोचली की निम्मा गोंधळ मिटतो. बर्फवाल्यांना त्याच वेळी गरम पाण्याची टाकी भरलेली आहे ना, झॅम्बोनीची बॅटरी किंवा गॅस पुरेल ना, हे विचारून घ्यायचं. दोन सामन्यांमधली फेरी घाईत उरकायची नाही. खरवडणं दुप्पट, पाणी दोनदा पातळ. दहा मिनिटं वाचवण्यासाठी दुसऱ्या सामन्याला दुपारचा थकलेला बर्फ देणं आम्हाला मान्य नाही.

यजमान कोण, हा प्रश्नही पाहुण्यांना गोंधळात टाकतो. ज्याचं मानांकन वरचं तो संघ यजमान : पांढरी जर्सी त्याची, आणि खेळ थांबल्यावर शेवटची बदली करायचा हक्क त्याचा. मिनेसोटाचं मानांकन खालचं असेल तर आपल्याच इमारतीत तो संघ पाहुणा म्हणून खेळतो. शेवटची बदली हा मोठा फायदा आहे. समोरच्या प्रशिक्षकाने आपली सर्वोत्तम फळी पाठवली की तिच्यासमोर आपली बचावाची फळी उभी करता येते. ट्विन सिटीजमधल्या, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल परिसरातल्या, मराठी मंडळींपैकी कोणी पहिल्यांदा बघायला येणार असतील, तर बाकांच्या समोरच्या बाजूला वर बसावं. बदल्यांचा हा डाव तिथून उलगडत जातो.

अंतिम सामन्याच्या दिवशी काम हलकं, ताण जास्त. सर्वोत्तम खेळाडूच्या मतपत्रिका तिसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात गोळा करतात, म्हणजे शिट्टी वाजताच नाव जाहीर करता येतं. बरोबरी झाली तर त्या परत वाटायच्या, नाहीतर हरलेल्या संघातल्या खेळाडूच्या हाती चषक यायचा. बक्षिसासाठी अंथरलेला गालिचा ओल्या बर्फावर दहा मिनिटांत चिकटतो, म्हणून तो शेवटच्या क्षणी उलगडायचा आणि छायाचित्रं झाली की लगेच गुंडाळायचा.

सगळं संपल्यावर टेबलापाशी अजून तासभर काम उरतं. प्रत्येक गोलची चित्रफीत पुन्हा बघून गोल कोणाच्या नावावर आणि पासचं श्रेय कोणाला, हे पक्कं करायचं. स्टिकला चाटून गेलेला पक बर्फावरून कोणालाच दिसत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत अकरा संघ घेतात. पाच कॉन्फरन्सचे विजेते थेट आत जातात, बाकीचे सहा मोसमभरातल्या निकालांच्या हिशेबावर निवडतात, आणि वरच्या चारांना पहिली लढत घरच्या रिंकवर मिळते. यादी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांनंतर लगेच रविवारी जाहीर होते. त्यामुळे पंच आणि गुणलेखक यांच्या सह्या झालेली गुणपत्रिका त्याच रात्री, दुरुस्त्यांसह, कॉन्फरन्सकडे गेली पाहिजे. दोन्ही संघांच्या आकडेवारी सांभाळणाऱ्यांना एकेक प्रत द्यायची, त्यांचा आक्षेप असेल तर तो तिथेच ऐकून चित्रफीत दाखवायची, आणि मगच ती पाठवायची.